खाटेशेजारचा अबोला

नाशिकच्या एखाद्या सेंटरमध्ये आईचा एमआरआय काढला आणि त्याची सीडी कुणाच्या तरी बॅगेतून बॉस्टनला आली, तर ती इथल्या रेडिओलॉजिस्टच्या कॉम्प्युटरवर सरळ उघडते. मशीन जर्मन होतं की जपानी, सॉफ्टवेअर कुणाचं, हे कुणी विचारत नाही. आता तीच आई आयसीयूमध्ये आहे असं समजा. तिच्या नाडीचे, ऑक्सिजनचे, रक्तदाबाचे आकडे आपल्यापर्यंत कसे पोहोचतात? भाऊ किंवा वहिनी भेटीच्या वेळात मॉनिटरचा फोटो काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. त्या फोटोत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेलं असतं आणि नेमका हवा तो आकडा त्याखाली झाकला गेलेला असतो. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी रात्री दोन वाजता असे फोटो मोठे करून करून पाहिले असतील!

फोटोबद्दल माझी तक्रार नाही. हजारो मैलांवरच्या मुलाला आकडा नाही कळला तर आईच्या उपचारात काही अडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मॉनिटरवरचा तो आकडा जसा आपल्याला धड कळत नाही, तसाच तो मॉनिटरपासून दोन फुटांवर असलेल्या औषधाच्या पंपालाही कळत नाही. व्हेंटिलेटरलाही कळत नाही. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, इथे अमेरिकेतल्या चकचकीत हॉस्पिटलांतही बऱ्याच अंशी तसंच आहे.

मी इथे एका हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात आहे. यंत्रं तपासणं, दुरुस्त करणं, नवीन आली की बसवणं, हे आमचं काम. आयसीयूतली एक खाट घ्या. डोक्याशी मॉनिटर, एका बाजूला व्हेंटिलेटर, दुसऱ्या बाजूला स्टँडवर एकाखाली एक लावलेले चार-पाच सिरिंज पंप, नाकातल्या नळीतून अन्न देणारा आणखी एक पंप, कधी डायलिसिसचं मशीन. प्रत्येकाला स्वतःचा पडदा, स्वतःचा अलार्म, स्वतःचं घड्याळ. एका खोलीत राहून एकमेकांशी अबोला धरलेल्या भावंडांसारखी ही यंत्रं असतात. त्यांच्यामध्ये निरोप्याचं काम करते ती नर्स. ती मॉनिटरवर बघते, मनात हिशेब करते, पंपावर आकडा बदलते, व्हेंटिलेटरवरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये टाइप करते. आमच्याकडे बऱ्याच यंत्रांच्या नोंदी आता आपोआप जातात. पण त्या एका दिशेनेच जातात, यंत्राकडून नोंदवहीकडे. यंत्राकडून शेजारच्या यंत्राकडे काही जात नाही.

याने बिघडतं काय, तर ऑपरेशननंतरचं दुखणं घ्या. पेशंटच्या हातात एक बटण देतात. दुखलं की दाबायचं, पंप ठरलेल्या मापाने मॉर्फिनसारखं औषध शिरेत सोडतो. कल्पना छान आहे, कारण औषध जास्त झालं तर पेशंटला गुंगी येते आणि त्याचा हात आपोआप थांबतो. पण शेजारी बसलेले नातेवाईक? त्यांचा जीव तुटतो, ते झोपलेल्या पेशंटच्या वतीने बटण दाबतात. हे इतक्यांदा झालं, की अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने डिसेंबर २००४ मध्ये त्यावर खास इशारा काढला. (घरच्या मंडळींनी हे वाचलं असेल तर लक्षात ठेवा: ते बटण फक्त पेशंटचं असतं.) औषध जास्त झालं की श्वास मंदावतो. मॉनिटर ओरडू लागतो. पंप मात्र शांतपणे पुढचा डोस द्यायला तयार असतो, कारण त्याच्या लेखी मॉनिटर नावाची वस्तूच त्या खोलीत नसते. नर्स धावत येऊन पंप बंद करेल तेव्हा तो बंद होणार.

पंपाला हे कळवणं अशक्य आहे का? अजिबात नाही. काही कंपन्यांनी स्वतःच्याच पंपाला स्वतःचाच श्वास मोजणारा भाग जोडून दाखवला आहे, श्वास मंदावला की पंप थांबतो. म्हणजे विद्या आहे. फक्त पंप आणि मोजणारं यंत्र एकाच घरातलं असावं लागतं.

दुसरं उदाहरण माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. भूल देताना होणाऱ्या अपघातांचा अभ्यास करणारी एक संस्था इथे आहे, अ‍ॅनेस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशन. तिच्या २००४-०५ च्या हिवाळी वार्तापत्रात ही हकिकत छापून आली. ३२ वर्षांची एक बाई, पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन. मध्येच एक्स-रे काढायचा होता. छाती हलली तर फोटो अस्पष्ट येतो, म्हणून भूलतज्ज्ञाने व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवला. एक्स-रे निघाला, पण टेबलाखालची फिल्म अडकली. ती काढायला भूलतज्ज्ञ मदतीला गेला. टेबलाची यंत्रणाच अडली होती. शेवटी फिल्म निघाली आणि ऑपरेशन पुढे सुरू झालं. काही वेळाने भूलतज्ज्ञाचं लक्ष ईसीजीकडे गेलं, ठोके फार मंद झाले होते. व्हेंटिलेटर परत सुरू करायचाच राहिला होता. ती बाई वाचली नाही.

आता भूलतज्ज्ञाला दोष देऊन मोकळं होता येतं, आणि कोर्टात तेच होतं. पण विचार करा. साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश नेमका शटर उघडतं तेव्हाच पडतो. ही जुळणी फोटोग्राफीत कित्येक दशकं जुनी आहे. लग्नाच्या फोटोत जे साधतं ते माणसाच्या श्वासाच्या बाबतीत साधलेलं नव्हतं. एक्स-रे यंत्राने व्हेंटिलेटरला विचारायचं, ‘आता श्वास सोडून झाला का?’ दोन श्वासांच्या मधल्या क्षणी फोटो घ्यायचा, व्हेंटिलेटर बंद करायचाच नाही. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ डॉ. ज्युलियन गोल्डमन हे उदाहरण सांगत आले आहेत. त्यांनी २००४ मध्ये तिथे याच प्रश्नावर एक कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव मोठं बोलकं आहे: मेडिकल डिव्हाइस ‘प्लग अँड प्ले’. माउस लावला की कॉम्प्युटर ओळखतो, तसं पंप लावला की मॉनिटरने ओळखावं.

इथे कुणी म्हणेल, मग एक वायर टाका की! माझे आयटीतले मित्र तर हमखास म्हणतात. वायर हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड असतो तो अर्थ. मॉनिटरने ‘८८’ असा आकडा पाठवला. हे काय आहे? ऑक्सिजन टक्क्यांत, की मिनिटाला ठोके? ठोके असतील तर ईसीजीच्या तारांवरून मोजलेले, की बोटावरच्या चिमट्यातून? दोन्हींत फरक असतो. हृदयाची विद्युत हालचाल दिसते आणि बोटापर्यंत रक्ताचा ठोका पोहोचतच नाही, असं आजारी माणसात होऊ शकतं. म्हणून आयएसओ आणि आयईईई यांच्या ११०७३ या मानकांच्या मालिकेत प्रत्येक मोजमापाला स्वतःचा क्रमांक दिला आहे. बोटावरून मोजलेला ऑक्सिजन १५०४५६, ईसीजीवरून मोजलेले ठोके १४७८४२, आणि बोटावरून मोजलेली नाडी १४९५३०. एककांनाही असेच क्रमांक. बरोबर आणखी एक गोष्ट जाते, हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे की नाही. पेशंटने कूस बदलली आणि बोटावरचा चिमटा निघाला, तर ‘ऑक्सिजन गेला’ असा निरोप पंपाला जाता कामा नये, ‘मोजता येत नाही’ असा गेला पाहिजे. ही भाषा म्हणजे नुसती शब्दांची यादी नाही. ‘मला नक्की माहीत नाही’ हे सांगण्याची सोयही तिच्यात आहे, आणि माझ्या मते तिचा तोच सगळ्यात मौल्यवान भाग आहे.

या कामाची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. तेव्हा त्याला मेडिकल इन्फर्मेशन बस म्हणत. यूएसबी आली १९९६ मध्ये. म्हणजे पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस यांनी मागून येऊन भाषा ठरवली, ती जगभर पसरली, आणि खाटेशेजारची यंत्रं अजून बैठकीतच बसली आहेत. रेडिओलॉजीवाल्यांनी तर शेजारच्याच खोलीत हे करून दाखवलं. तिथल्या डॉक्टरांची संघटना आणि यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना एकत्र आल्या, पहिलं मानक १९८५ मध्ये आलं, १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे नाव मिळालं. सुरुवातीला उल्लेख केला ती आईची सीडी उघडते ती या डायकॉममुळे. डॉक्टरांनी ते धरून ठेवलं आणि हॉस्पिटलांनी डायकॉम नसलेलं मशीन घेणं बंद केलं. कंपन्यांपुढे मग दुसरा रस्ता उरला नाही.

मानक तयार नाही म्हणून अडलंय, असं आता म्हणता येत नाही. एका खाटेभोवतालची यंत्रं मिळून सुरक्षितपणे कशी चालवावीत याचा आराखडा इथे २००९ मध्ये आला आणि २०१९ मध्ये तो सुधारून पुन्हा निघाला. जर्मनीत सरकारच्या संशोधन खात्याच्या पैशावर २०१२ ते २०१६ ओआर.नेट नावाचा मोठा प्रकल्प चालला. विद्यापीठं, हॉस्पिटलं, कंपन्या सगळे एका टेबलाशी. त्यातून ११०७३ मालिकेत एसडीसी नावाची नवी मानकं आली, २०१६ ते २०१८ या काळात. यंत्र नेटवर्कवर आलं की ‘मी कोण, मी काय मोजतो, माझ्याकडून काय करून घेता येतं’ हे स्वतःच सांगतं.

एसडीसीमागचं एक स्वप्न मला फार आवडतं, शांत आयसीयूचं. आयसीयूत रात्रभर बसलेल्याला विचारा तिथे आवाज किती असतो. जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं, की जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ गंभीर घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या ८० मध्ये मृत्यू झाला. कारण? अलार्म इतके वाजतात, आणि त्यांतले इतके बिनकामाचे असतात, की कान बधिर होतात. यंत्रं बोलू लागली तर पेशंटच्या डोक्याशी कर्कश आवाज करायची गरज नाही. निरोप थेट त्या पेशंटच्या नर्सच्या खिशातल्या फोनवर जाईल, आणि पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर तिघांची ओरड एकत्र करून एकच अर्थपूर्ण निरोप जाईल.

बरं, मग हे होत का नाही? एक कारण सरळ धंद्याचं आहे. दहा प्रकारची यंत्रं प्रत्येकाशी जोडायची, तर जोड्या होतात ४५. प्रत्येक जोडीला वेगळा दुभाष्या लागतो आणि त्या दुभाष्याचं बिल असतं. खाटेमागे लायसन्स, वर्षाला देखभाल. सामायिक भाषा असेल तर प्रत्येकाने ती एकदाच शिकायची. पण मग ‘आमचा मॉनिटर घेतलात, आता पंपही आमचाच घ्या, म्हणजे त्रास नाही’ हे वाक्य विक्रेत्याला म्हणता येणार नाही. वेस्ट हेल्थ इन्स्टिट्यूटने २०१३ मध्ये अंदाज केला होता, की यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत यापायी अमेरिकेत वर्षाला ३० अब्ज डॉलरहून अधिक वाया जातात. आकडा थोडा मागेपुढे करा हवा तर. मला आमच्याकडचं एक प्रकरण आठवतं. एका पुरवठादाराकडे आम्ही त्याच्याच यंत्रातून बाहेर येणाऱ्या माहितीचा तपशील मागितला. उत्तर आलं, तो गोपनीय आहे. यंत्र आम्ही विकत घेतलेलं, त्यातून वाहणारी माहिती आमच्या पेशंटची, आणि ती कशी वाचायची हे गुपित! घर आपलं आणि किल्ली बिल्डरकडे, असा प्रकार.

पण कंपन्यांच्या सगळ्याच बोलण्याला धंदा म्हणून उडवून लावता येणार नाही. त्यांचा जबाबदारीचा प्रश्न खरा आहे. एका कंपनीच्या मॉनिटरने चुकीचा आकडा दिला, त्यावर विसंबून दुसऱ्या कंपनीचा पंप थांबला आणि पेशंटचा रक्तदाब कोसळला, तर न्यायालयात कोण उभं राहणार? हा प्रश्न वर्षानुवर्षं हवेत होता. २०२२ मध्ये ११०७३-१०७०० हे मानक आलं. त्यात माहिती देणाऱ्याने काय पाळायचं आणि वापरणाऱ्याने काय पाळायचं, याची वाटणी केली आहे. कागद रुक्ष आहे, पण मला तो या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जोडलेलं यंत्र हॅक होऊ शकतं. हेही खरंच आहे. जुलै २०१५ मध्ये इथल्या एफडीएने एका विशिष्ट पंपाचा वापर थांबवा असं हॉस्पिटलांना कळवलं होतं, कारण नेटवर्कवरून बाहेरचा माणूस त्याचा डोस बदलू शकत होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ब्रिटनच्या एनएचएसची काय दशा केली ते लंडनच्या वाचकांना मी सांगायला नको. पण यावर उपाय मौन नव्हे. जुन्या यंत्रांच्या पाठीमागे जे पोर्ट असतात त्यांना पासवर्ड नावाची गोष्टच ठाऊक नसते, आणि तरीही काम अडू नये म्हणून कुणी ना कुणी ते कुठेतरी जोडतंच. एसडीसीत दोन्ही यंत्रं आधी एकमेकांची ओळखपत्रं तपासतात आणि मग कुलूपबंद भाषेत बोलतात. उघडं मानक म्हणजे उघडं दार नव्हे. बँकेचे व्यवहारसुद्धा जगाला माहीत असलेल्या मानकांवरच चालतात.

घड्याळाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासभर पुढे-मागे होतं. भारतात फोन करताना साडेनऊ तास की साडेदहा, हा गोंधळ आपल्या सगळ्यांचा दर वर्षीचा. माझ्यासाठी ते आठवडे म्हणजे खाटाखाटांवर फिरून यंत्रांची घड्याळं हाताने बदलण्याचे. बरीच यंत्रं वेळ नेटवर्कवरून घेतच नाहीत, आणि इंटरनेटवर घड्याळं जुळवण्याची पद्धत १९८५ पासून आहे! यात हसण्यासारखं काही नाही. एखाद्याचं हृदय बंद पडलं, शॉक दिला, औषध दिलं, आणि नंतर क्रम लावायला बसलं, तर शॉक देणाऱ्या यंत्राची वेळ मॉनिटरच्या वेळेशी जुळत नाही. औषधाने ठोके परत आले की ठोके आल्यावर औषध दिलं? नातेवाईक डॉक्टरांना हाच प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर दोन भिंतीवरच्या घड्याळांइतकंच खात्रीचं असतं.

कोविडमध्ये हा अबोला उघडा पडला. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत पीपीई किट पुरत नव्हते. पंपाचा डोस बदलायला दर वेळी पूर्ण जामानिमा करून आत जावं लागे. मग नर्सेसनी पंप दाराबाहेर व्हरांड्यात आणले आणि लांबच लांब नळ्या दाराखालून आत पेशंटपर्यंत नेल्या. नळी लांब झाली की औषध पोहोचायला वेळ लागतो, दाबाचे अलार्म वाजतात, पायात अडकून ती ओढली जाऊ शकते. जगातल्या श्रीमंत शहरात, माणूस चंद्रावर जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर, पंपाचं एक बटण दहा फुटांवरून दाबता येत नव्हतं. त्या नर्सेसच्या कल्पकतेला माझा सलाम, पण ती कल्पकता लागावी हे लाजिरवाणं होतं.

सरकारने काय केलं? २००९ च्या कायद्याने हॉस्पिटलांना कॉम्प्युटरवरच्या नोंदींसाठी अब्जावधी डॉलर दिले. कॉम्प्युटर आले, खाटेशेजारच्या यंत्रांना मात्र त्या भाषेची सक्ती झाली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये एफडीएने एकमेकांशी बोलणाऱ्या यंत्रांसाठी मार्गदर्शन काढलं. ते चांगलं आहे, पण ते मार्गदर्शन आहे, बंधन नव्हे. माझा भरवसा कायद्यापेक्षा खरेदीच्या कागदावर जास्त आहे. २००८ मध्येच मॅसॅच्युसेट्स जनरल, जॉन्स हॉपकिन्स, कैसर परमनंटे अशा बड्या संस्थांनी मिळून एक मसुदा प्रसिद्ध केला, एमडी फायर नावाचा. निविदेत आणि करारात घालायची तयार वाक्यं. कुणीही उचलावीत, पैसे नाहीत. डायकॉमच्या वेळी गिऱ्हाइकांनी जे केलं तेच इथे करायचं. ते पुरेशा हॉस्पिटलांनी केलं नाही, हे आमच्या बाजूचं अपयश आहे. कंपन्यांच्या नावाने बोटं मोडताना हे विसरलं जातं.

हे सगळं परदेशस्थ मराठी वाचकांना का सांगतोय, तर आपण गिऱ्हाईक आहोत म्हणून. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती तेव्हा ठिकठिकाणच्या मंडळांनी पैसे जमवून कॉन्सन्ट्रेटर पाठवले. त्यानंतरही गावच्या हॉस्पिटलला मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर देण्याची पद्धत चालू आहे, आणि ती चांगली पद्धत आहे. तेव्हा आपण एक गोष्ट हमखास तपासतो: इथली वीज १२० व्होल्ट, तिथली २३०, यंत्र चालेल ना? प्लगचा पिना डोळ्यांना दिसतात. भाषेचा प्लग दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

परिणाम काय होतो ते मी एका सुट्टीत कोकणातल्या एका छोट्या हॉस्पिटलात पाहिलं. दान आलेले मॉनिटर, तीन वेगवेगळ्या मंडळांनी दिलेले तीन कंपन्यांचे. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा एकाचा दुसऱ्याला बसत नाही. एकाचा चिमटा तुटला, त्या कंपनीचा सुटा भाग तालुक्यात मिळेना, म्हणून चांगला मॉनिटर कपाटावर ठेवलेला. तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, “दादा, टीव्ही आहे, पण रिमोट नाही.” मी मानकांच्या क्रमांकांच्या गोष्टी करतोय, आणि तिथे अडलंय साध्या खोबणीवर.

त्यामुळे वीस खाटांच्या हॉस्पिटलने लगेच एसडीसी मागावं, असं मी म्हणणार नाही. ते महाग आहे, आणि तिथे ती यंत्रं सांभाळायला माणूस नाही. तिथे माझी मागणी फार साधी आहे. चिमटे आणि केबल सगळ्या खाटांना सारखे चालावेत आणि जवळच्या शहरात मिळावेत. यंत्राने वेळ नेटवर्कवरून घ्यावी. यंत्रातून माहिती बाहेर काढण्याचा मार्ग कुलूपबंद नसावा, त्याची भाषा लेखी मिळावी, आज कुणी वापरणार नसलं तरी. पुण्या-मुंबईची मोठी ट्रस्टची हॉस्पिटलं मात्र वेगळी. तिथे एकेका निविदेत शेकडो यंत्रं घेतात. त्यांनी ११०७३ चं नाव करारात घातलं तर पुरवठादाराला उत्तर द्यावंच लागेल. भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. केसपेपर, डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे रिपोर्ट एका सामायिक भाषेत आणायचं ते काम मोलाचं आहे. पण आयसीयूतला आकडा त्या व्यवस्थेत जायचा, तर आजही बहुतेक ठिकाणी तो सिस्टरनेच कागदावरून टाइप करायचा. खाटेशेजारची पहिली दोन फुटं अजून कुणाच्या योजनेत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये यंत्रं दान करणाऱ्यांसाठी सूचना छापल्या आहेत. घेणाऱ्याला आधी विचारा, सुटे भाग आणि देखभाल पाहा, नको असलेलं पाठवू नका, असा त्यांचा रोख आहे. फुकट मिळतात, मंडळाच्या कार्यकारिणीने एकदा वाचाव्यात. मी त्यात माझी एक ओळ वाढवेन: यंत्र कुणाशी बोलतं ते विचारा. फलकावर दात्याचं नाव कोरून यंत्र बसवलं, आणि ते शेजारच्या यंत्राला अनोळखी राहिलं, तर त्या सिस्टरच्या डोक्यावर आपण आणखी एक पडदा आणि आणखी एक अलार्म ठेवला एवढंच.

आमच्या गणेशोत्सवात या वेळी जमलेल्या निधीतून एका ग्रामीण हॉस्पिटलला सहा मॉनिटर द्यायचे ठरलं आहे. चौकशीच्या पत्रात आम्ही तीन प्रश्न घातले, चिमट्याचा, घड्याळाचा आणि भाषेचा. समितीतल्या एका काकांना ते फाटे फोडणं वाटलं, पण पत्र गेलं. तीन पुरवठादारांना विचारलं होतं. एकाने तिन्ही गोष्टी लेखी मान्य करून माहितीच्या भाषेची पुस्तिकासुद्धा जोडून पाठवली. दुसरा म्हणाला, ती सोय आहे, पण पैसे वेगळे पडतील. तिसऱ्याने फोन करून विचारलं, “साहेब, गावच्या हॉस्पिटलला हे कशाला हवंय?” त्यांचं कोटेशन सगळ्यात स्वस्त आहे. रविवारी बैठक आहे.